रात्रीत १५ बार कुठे जातात? छोटा कॉम्प्रेसर, मोठी टाकी आणि सांगलीची दमट हवा

संध्याकाळी रायफलीचा हवेचा सिलिंडर २०० बारला (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) भरून ठेवला आणि सकाळी रेंजवर गेज १८५ दाखवतंय. दहा मीटर एअर रायफल आणि पिस्तूल शिकणाऱ्या पोरांच्या पालकांकडून सांगली-मिरजेत वर्षभर फिरून फिरून येणारी तक्रार हीच. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळाल्यापासून आमच्या भागात चौकशी वाढली आहे. त्याचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं, पण पोरं सुरुवात करतात ती एअर रायफलनेच. एअर रायफल घरी आली की छर्ऱ्यांबरोबर हवेचाही प्रश्न घरी येतो.

१८५ दिसलं की आधी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून हवा सुटू न देणारी रबरी कडी, बदलली जाते. तरी फरक पडला नाही की सिलिंडर पुण्याला पाठवला जातो. तिथून तो ‘काही दोष नाही’ म्हणून परत येतो. मग घरात ठरतं की हा छोटा कॉम्प्रेसरच कुचकामी, आता मोठी टाकी घेऊ. टाकी येते आणि थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार सुरू होते: टाकीत भरपूर हवा आहे, पण रायफल २०० ला पोचत नाही.

रेंजवर हवा भरणं आणि सिलिंडर-रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून ठरलेल्या दाबावर ठेवणारा भाग) बघणं हे माझं काम आहे. या दोन्ही तक्रारींत रायफलीचा दोष क्वचितच असतो. खरेदीचा निर्णय घाईने होतो, आधी मोजलं जात नाही. म्हणून काय घ्यावं हे शेवटी सांगतो, आधी काय तपासावं ते.

ते १५ बार

हवा दाबली की तापते. छोट्या कॉम्प्रेसरने भरलेला सिलिंडर हाताला कोमट लागतो तो त्यामुळेच. आतली हवा ४५ अंशांवर असताना गेजने २०० दाखवलं आणि रात्री ती २५ अंशांवर आली असं धरा. तापमान केल्विनमध्ये घेतलं तर ३१८ आणि २९८. दोनशेला २९८ ने गुणून ३१८ ने भागा, १८७ येतं. हवा तेवढीच आहे, फक्त थंड झाली आहे.

म्हणून पहिली तपासणी अशी: सिलिंडर भरा, अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवा, मग वरची थोडी हवा भरून पुन्हा २०० करा. आता हा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, त्याच खोलीत परत बघा. एक-दोन बारचा फरक गेज वाचण्यातही येतो, तो सोडून द्या. साताऱ्यात, कोरेगावात डिसेंबरच्या पहाटे बारा अंश असताना आकडा बघाल आणि आदल्या दुपारच्या तीस अंशांशी ताडून बघाल, तर दहा-बारा बार नक्की कमी दिसतील. त्याला गळती म्हणू नका.

रोज त्याच वेळी बघूनही आकडा उतरतच असेल तर मात्र गळती आहे. सिलिंडर रायफलीवरून काढा आणि एक रात्र सुटा ठेवा. सुटा असताना हवा धरतो आणि लावल्यावर उतरते, तर दोष रायफलीच्या बाजूला. सुटा असतानाही उतरते, तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा गेजच्या सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडा जिथे येईल तिथे दोष. गेज असलेला भाग बादलीत बुडवू नका, गेजमध्ये पाणी शिरतं.

कॉम्प्रेसरचं गेज २०० म्हणतं आणि रायफलीचं १९०, म्हणून पुष्कळ जण घाबरतात. ४०० बारपर्यंत मोजणारं साधं गेज अडीच टक्के अचूकतेचं असेल तर दहा बार इकडेतिकडे दाखवण्याची त्याला मुभाच आहे. कुठलं तरी एक गेज प्रमाण माना आणि रोज त्याच्याशीच तुलना करा.

कॉम्प्रेसर १५०-१६० ला दम तोडतो

ही तक्रार खेड्यातून जास्त येते आणि बहुतेक वेळा ती विजेची असते. बारा व्होल्टवर चालणारा पोर्टेबल कॉम्प्रेसर दाब वाढेल तसा जास्त करंट ओढतो. दोनशेच्या जवळ तो वीस-तीस अँपिअर मागतो. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचा असतो. तिथे जोडलं तर एकतर फ्यूज उडणार नाहीतर वायर तापणार. क्लिपा थेट बॅटरीला लावा आणि गाडी चालू ठेवा. घरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवत असाल तर तो खरोखर तेवढे अँपिअर देतो का ते बघा. लेबलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष यांत पुष्कळदा अंतर असतं.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. मशीन १८० बारच्या पुढे चालू असताना क्लिपांजवळ नाही, तर मशीनच्या तोंडाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीला साडेबारा आणि मशीनला अकराच्या खाली असेल तर मधली वायर बारीक किंवा लांब आहे. वायर जाड करा, मशीन उघडू नका.

व्होल्टेज बरोबर असूनही मशीन अडकत असेल तर पिस्टनची रिंग झिजली आहे. ती का झिजते, ते टाकीच्या भागात येईल.

पाणी: खरं दुखणं इथे आहे

गळतीच्या नावाने येणाऱ्या तक्रारींपेक्षा मला या गोष्टीची जास्त काळजी वाटते, कारण ती गेजवर दिसत नाही. रायफल हवा धरते, पण ग्रुप (टार्गेटवर छर्रे पडण्याचा घोळका) उघडत जातो. छर्रे एकदा वर, एकदा खाली. पोरगं स्वतःला दोष देतं, प्रशिक्षक पोझिशन बदलायला लावतो आणि दोष असतो रेग्युलेटरमध्ये साचलेल्या पाण्याचा.

हिशेब करून बघू. पावसाळ्यात सांगलीत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मॅच रायफलीचा सिलिंडर ०.२ लिटरचा धरा. तो १०० वरून २०० ला न्यायचा तर बाहेरची साधारण २० लिटर हवा आत कोंबावी लागते. त्या २० लिटरमध्ये ०.४४ ग्रॅम पाणी आहे. आणि ०.२ लिटर जागेत २७ अंशांवर वाफेच्या रूपात मावतं जेमतेम ०.००५ ग्रॅम. दाब वाढवला म्हणून वाफेला जागा वाढत नाही. बाकी सगळं पाणी थेंब होऊन कुठेतरी पडणार, एकतर कॉम्प्रेसरच्या वॉटर सेपरेटरमध्ये (पाणी वेगळं काढणाऱ्या भागात), नाहीतर सिलिंडरमध्ये. महिन्यात पंचवीस भराया झाल्या तर दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी होतं. एप्रिलच्या कोरड्या ३८ अंशांत, २० टक्के आर्द्रतेला, हेच प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. उन्हाळ्यात बिनतक्रार चाललेली रायफल ऑगस्टमध्ये का बिघडते, त्याचं उत्तर हे आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये या पाण्याने पांढरी भुकटी धरते, पोलादी टाकीत गंज. दोन्ही बारीक कण होऊन रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे हवा बंद करणाऱ्या जागेवर, बसतात. मग रेग्युलेटर ठरलेल्या दाबावर थांबत नाही, हळूहळू वर सरकत राहतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: रायफल दहा-पंधरा मिनिटं नुसती ठेवल्यावरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा जोरात जातो.

छोट्या कॉम्प्रेसरमध्ये येणारी कापसाची फिल्टर नळी थेंब अडवते, वाफ अडवत नाही, आणि कापूस ओला झाला की थेंबही अडवत नाही. आमच्या हवेत ती प्रत्येक पाच-सहा भरायांना बदलायला हवी. ब्लीड स्क्रू (हवा आणि पाणी बाहेर सोडायचा स्क्रू) भरताना मध्ये एकदा आणि शेवटी उघडाच. फुस्स करून पांढरी वाफ आली तर समजा काम होतंय. भराई संपल्यावर ब्लीड उघडा ठेवून मशीन अर्धा मिनिट मोकळं चालवा, म्हणजे आतलं गरम पाणी पिस्टनवर बसून राहत नाही.

याहून सोपा आणि मला सगळ्यात परिणामकारक वाटलेला उपाय म्हणजे मशीन जी हवा आत ओढतं तीच कोरडी देणं. घरी एसी असेल तर खोली तासभर थंड करून तिथे भरा. २४ अंश आणि ५० टक्क्यांना घनमीटरमागे पाणी ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या निम्मं. एसी नसेल तर झाकणबंद बरणीत रंग बदलणारं सिलिका जेल भरा आणि कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी त्यातून घ्या. बाहेर पडताना बारीक स्पंज लावायला विसरू नका, जेलची धूळ पिस्टनमध्ये गेली तर रिंग खाऊन टाकते. केशरी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरता येतं. मॉलिक्युलर सीव्ह (वाफ शोषणारे दाणे) जास्त चांगला, पण तो परत वाळवायला अडीचशे अंशांच्या पुढे जावं लागतं, ते घरी जमत नाही, तो बदलायचाच.

हवा कोरडी आणि स्वच्छ येते की नाही हे बघायला होज (भराईची नळी) रिकामी करताना थोडी हवा आरशावर सोडा. धुकं धरून लगेच गेलं तर ठीक. थेंब राहिले तर पाणी. बोटाला तेलकट लागलं तर ते जास्त गंभीर, तेवढ्यावर भराई थांबवा. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला लावायचं ते सिलिकॉन ग्रीस, तेही पुसट.

टाकी भरलेली, पण रायफल २०० ला जात नाही

टाकी हवा तयार करत नाही. ती फक्त आपला दाब वाटून देते, आणि जिथे दोन्हीकडचा दाब सारखा झाला तिथे थांबते. २०० बारला भरून आणलेल्या टाकीने पहिली रायफलसुद्धा पूर्ण २०० ला भरणार नाही. पाचव्या-सहाव्या वेळी तर १८० लाच अडकेल. टाकीतली निम्म्याहून जास्त हवा शिल्लक असते, ती फक्त आपल्या कामाची उरलेली नसते.

म्हणून टाकी घ्यायची तर ३०० बारची. त्यातही हिशेब जपून करा. ६.८ लिटरची कार्बन फायबर टाकी ३०० वरून २०० वर येईपर्यंत कागदावर ६८० लिटर हवा देते, म्हणजे २० लिटरच्या ३४ भराया. प्रत्यक्षात ३०० बारला हवा सरळ हिशेबाने दबत नाही, टाकीत अपेक्षेपेक्षा कमी मावते. धरून चाला की तिसाच्या आतबाहेर. त्यानंतर टाकी टाकून द्यायची नाही. सरावासाठी १७०-१८० बार भरपूर होतात. साठ शॉट आणि साइटिंग (आधीचे नेम जुळवायचे शॉट) एवढ्याने मॅच रायफलीचा भरलेला सिलिंडर संपत नाही, त्यामुळे प्रत्येक सरावानंतर परत २०० करण्याची सवय मला पटत नाही. त्यात होजमधली हवा वाया जाते आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी आत जातं. शंभरच्या आसपास आलं की भरा.

दोन टाक्या असतील तर कमी दाबाची आधी लावा, तिने जिथवर जाईल तिथवर न्या, मग जास्त दाबाची लावून पूर्ण करा. जास्त दाबाची टाकी यामुळे कितीतरी जास्त टिकते. व्हॉल्व्ह हळू उघडा. गेज सरकताना डोळ्याला दिसलं पाहिजे, उडी मारताना नाही. झटकन भरलं की तापतं, आणि मग परत तीच १८५ ची तक्रार.

फिल स्टेशन (टाकीला लावायचा भराईचा जोड) बसत नाही अशी तक्रार आली तर आटे मोजा. २०० बारच्या डिन फिटिंगला (टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारं प्रमाणित फिटिंग) आटे कमी, ३०० ला जास्त. २०० चं फिटिंग ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचत नाही, ओ-रिंग दबत नाही आणि हवा बाजूने सुटते. कितीही घट्ट केलं तरी उपयोग नाही. फिटिंगच बदला.

आता टाकीचा खरा प्रश्न: ती संपल्यावर भरणार कुठे? टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारचा. कुपवाड एमआयडीसीत मिळणारा औद्योगिक नायट्रोजन कोरडा आणि निर्धोक, पण त्याचा सिलिंडर साधारण १५० बारचा, म्हणजे २०० ला पोचवणार नाही. मालवण-तारकर्लीला स्कूबाचे कॉम्प्रेसर आहेत, पण तिथे जाऊन यायला दिवस मोडतो, आणि स्कूबाची भराई २००-२३० बारपर्यंतच. ३०० ची टाकी तिथून तेवढीच भरून येणार. साताऱ्याच्या माणसाला पुणे जवळ आहे, त्यामुळे त्याचं गणित थोडं वेगळं. सांगलीच्या माणसाला भराईची जागा ठरवल्याशिवाय टाकी घेऊ नका, असंच मी सांगतो.

इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. टाकी रिकामी झाली की लोक घरच्या पोर्टेबल कॉम्प्रेसरने ती भरायला बसतात. जे मशीन ०.२ लिटरचा सिलिंडर १०० वरून २०० ला न्यायला पाच मिनिटं घेतं, ते मिनिटाला साधारण चार लिटर हवा देतं. ६.८ लिटरची टाकी २०० वरून ३०० ला न्यायला त्याला दोन तासांहून जास्त लागतील, अगदी रिकामी टाकी असेल तर सात-आठ तास. आणि ही मशीनं पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती मागतात. न थांबता चालवलं की पिस्टनची रिंग जाते, आणि मग रायफल भरतानाही ते १५० ला दम तोडतं. वर राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

मग काय घ्यावं

घरात एक रायफल, एक पोरगं, रोजचा सराव: पोर्टेबल कॉम्प्रेसर घ्या, त्याला सिलिका जेलची बरणी जोडा, आणि त्याने कधीही टाकी भरू नका. ०.२ लिटरसाठी चांगला हातपंपसुद्धा पुरतो. मोठ्या माणसाला जमतो, बारा वर्षांच्या पोराला नाही. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात तो जवळ असलेला बरा.

सात-आठ पोरांचा वर्ग, शाळा किंवा क्लब असेल तर ३०० बारची टाकी आणि ती भरायला पाण्याने थंड होणारा २३० व्होल्टचा मोठा कॉम्प्रेसर, ही जोडी हवी. १.८ किलोवॅटचं मशीन आठ अँपिअरच्या आसपास घेतं, त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग द्या. मशीन थंड करणारं बादलीतलं पाणी गरम झालं की बदला. मशीन आणि टाकीच्या मध्ये मॉलिक्युलर सीव्हचा फिल्टर असलाच पाहिजे, कारण टाकीत एकदा पाणी गेलं की ते प्रत्येक रायफलीला वाटलं जातं. बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी सुरक्षा चकती) उडाली तर त्याच आकड्याची घाला. जाड डिस्क किंवा नाणं घालून काम भागवणारे मी पाहिले आहेत. ते कृपा करून करू नका, शेजारी पोरं उभी असतात.

एकट्या नेमबाजाने नुसती टाकी घेणं मला सांगलीत तरी कधीच पटलेलं नाही.

टाकी घेण्याआधी

भारतात अर्धा लिटरपेक्षा मोठ्या सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात आणि मान्यता पेसो ही केंद्र सरकारची स्फोटक-सुरक्षा संस्था देते, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. रायफलीचा ०.२ लिटरचा सिलिंडर यात बसत नाही, पण ६.८ लिटरची टाकी बसते. मान्यतेचा शिक्का आणि चाचणीची तारीख नसलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी चांगला भराईवाला ती हातात घेणार नाही. कार्बन फायबरच्या बहुतेक टाक्यांचं आयुष्य १५ वर्षांचं ठरवलेलं असतं, ते लेबलवर वाचा. बाहेरच्या धाग्यांना चीर किंवा खोल ओरखडा असेल तर तारीख कितीही चांगली असो, घेऊ नका. कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ ला ज्या भागांत शिरलं तिथल्या जुन्या पोलादी टाकीचा व्हॉल्व्ह उघडून आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मिरजेत एवढे दवाखाने आहेत की ऑक्सिजनचा सिलिंडर मिळणं अवघड नाही, आणि ‘त्यातून भरू का’ असं विचारणारे येतात. ऑक्सिजन रायफलीत भरायचा नाही, एकदाही नाही, थोडासुद्धा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसच्या पुसट थराशीही भडका घेतो आणि सिलिंडर बॅरलखाली, नेमबाजाच्या हाताजवळ असतो. रिक्षाचा जुना सीएनजी सिलिंडर हवेसाठी वापरणंही तसंच: आत राहिलेला गॅस आणि तेल हवेत मिसळलं की ते मिश्रण पेटू शकतं. भरलेला सिलिंडर उन्हात गाडीतही ठेवू नका. २८ अंशांना २०० बार असलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांना २२० च्या पुढे जातो.

जुनी मॅच रायफल घेत असाल तर सिलिंडरवरचं साल आधी बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवर आहे, आणि उत्पादक ती मुदत साधारण दहा वर्षांची देतात. रायफल कितीही चांगली असली तरी मुदत संपलेला सिलिंडर किमतीतून वजा करा आणि नवा मागवा. बाद झालेला सिलिंडर भंगारात देण्याआधी सगळी हवा सोडून व्हॉल्व्ह काढून घ्या, म्हणजे तो परत कोणी भरणार नाही.